खानदेशात इनडोअर आरसी कार ट्रॅक: जागा शोधण्यापासून पहिल्या हीटपर्यंत

आरसी ट्रॅक, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांचा ट्रॅक, काढायचं म्हटलं की बहुतेक जण आधी गाड्यांच्या किमती बघायला लागतात. गाड्या सगळ्यात शेवटी घ्या. ट्रॅक चालेल की बंद पडेल हे जमीन, धूळ आणि उष्णता या तीन गोष्टी ठरवतात, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत धूळ आणि उष्णता पुण्या-मुंबईपेक्षा जास्त त्रास देतात.

इथे सगळा हिशेब १/१० स्केलच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या, ऑनरोड गाड्यांचा धरला आहे: साधारण १९० मिमी रुंद आणि गुळगुळीत जमिनीवर पळणाऱ्या. जागा त्याहून लहान असेल, समजा ३० बाय २० फुटांचा गाळा, तर १/२८ स्केलच्या गाड्या घ्या. त्यांना मीटरभर रुंदीची लेन पुरते आणि फोमच्या जोड-फरशांवर ट्रॅक बसतो. छोट्या जागेत मोठ्या गाड्या कोंबू नका. लेन अरुंद झाली की नवशिका दर वळणावर अडकतो आणि परत येत नाही.

जागा

१/१० साठी किमान ६० बाय ४० फुटांचा, मधे खांब नसलेला हॉल लागतो. मीटरमध्ये साधारण १८ बाय १२. त्यात १६ बाय १० मीटरचा ट्रॅक बसतो. लांब बाजूला उरलेल्या दोन मीटरच्या पट्ट्यात ड्रायव्हर स्टँड, म्हणजे रिमोट घेऊन उभं राहायचा उंच मंच, येतो आणि आखूड बाजूच्या पट्ट्यात पिटची, म्हणजे गाड्यांच्या दुरुस्तीची, टेबलं. प्रेक्षकांना नीट बसवायचं तर ८० फूट लांबी हवी. एमआयडीसीतली रिकामी शेड, केळी किंवा कापसाचं जुनं गोदाम, तळमजल्यावरचा मोठा गाळा, यातलं काहीही चालतं. मंगल कार्यालय भाड्यानं घेण्याचा मोह टाळा. लग्नसराईत दर आठवड्याला कार्पेट काढावं लागतं, आणि उन्हाळ्याची सुट्टी, म्हणजे तुमचा सगळ्यात चांगला सीझन, त्याच लग्नसराईत येतो.

जिनिंगच्या शेजारची शेड स्वस्तात मिळत असली तरी घेऊ नका. कापसाचे तंतू हवेतून आत येतात, मागच्या एक्सलला गुंडाळले जातात, बेअरिंगच्या कडेत शिरतात आणि चाक जड फिरायला लागतं. तासाभरात मोटर तापते आणि दोष मोटरला दिला जातो. काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्यालगतची जागाही तशीच. त्या मातीची बारीक पूड कार्पेटवर बसली की पकड जाते.

जागा पक्की करण्याआधी दोन चाचण्या करा. पहिली सपाटीची. तीन मीटरची सरळ अॅल्युमिनियम पट्टी जमिनीवर सगळीकडे फिरवा. खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसेल तिथे भराव किंवा घासाई लागणार. अशा ऑनरोड गाडीचं पोट जमिनीपासून ५ मिमीच वर असतं, त्यामुळे शहाबादीचा वर आलेला एक सांधाही तिला उडवतो. दुसरी चाचणी ओलीची. मीटरभर चौकोनी प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपनं जमिनीला चिकटवा आणि २४ तासांनी उचला. खाली दव दिसलं तर पावसाळ्यात कार्पेटला कुबट वास येणार, पकड रोज बदलणार. अशा जमिनीवर आधी २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद अंथरावा लागतो. ही चाचणी मे महिन्यात करून निश्चिंत होऊ नका. तेव्हा इथली जमीन कोरडीठाकच असते. घरमालकाला, शेजारच्या गाळेवाल्यांना श्रावणातली अवस्था विचारा आणि भिंतीच्या खालच्या फूटभरात रंगाचे पोपडे सुटलेत का बघा.

कागदपत्रं आणि वीज

कामगार वीसपेक्षा कमी असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना देऊन भागतं, वीस किंवा जास्त असतील तर नोंदणी लागते (२०२५ च्या बदलाआधी ही मर्यादा दहाची होती). सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी. दर कुठला लागेल ते सीएला आधीच विचारा, कारण तिकिटाचा भाव त्यावर ठरतो. अग्निसुरक्षा यंत्रणा परवानाधारक एजन्सीकडून बसवून घ्या. २००६ च्या कायद्याप्रमाणे ती चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. करमणुकीच्या जागेसाठी आणखी काय लागतं ते पालिकेत आणि पोलीस ठाण्यात भाडेकरार करण्याआधी विचारून घ्या.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झचेच ठेवा. भारतात या पट्ट्याला वेगळा परवाना लागत नाही आणि एकाच वेळी दहा गाड्या एकमेकींना त्रास न देता पळतात. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या खेळण्यातल्या गाड्या ट्रॅकवर घेऊ नका, एकाचा रिमोट दुसऱ्याची गाडी ओढतो. परदेशातून स्वतः मागवलेल्या रिमोटला आयातीच्या वेळी ईटीए ही वायरलेस उपकरणांची सरकारी मान्यता विचारली जाते, म्हणून भारतातल्या विक्रेत्याकडून बिलासह घेतलेलं बरं.

विजेचा भार असा धरा: दिवे १.२ किलोवॅट, चार्जिंग १, पिटचे सॉकेट १.५, मोठे कूलर १.५, व्हॅक्यूम क्लीनर १.५ ते २. बेरीज सातच्या आसपास जाते, म्हणून महावितरणकडे १० किलोवॅटचं थ्री फेज व्यावसायिक कनेक्शन मागा. पिट, चार्जिंग आणि दिवे यांचे एमसीबी वेगळे, सॉकेटच्या लाइनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच. लॅप, म्हणजे फेऱ्या, मोजणारा कॉम्प्युटर आणि गाडीचा सिग्नल वाचणारा डिकोडर यूपीएसवर हवेत. फायनलच्या तिसऱ्या मिनिटाला लाइट गेली आणि लॅपची नोंद पुसली, तर होणारं भांडण मिटवता येत नाही.

दिव्यांसाठी १०० वॅटचे, छताला टांगायचे १२ एलईडी हाय-बे पुरतात, साधारण ४०० लक्सचा उजेड पडतो. कमी संख्येनं मोठे दिवे लावले तर गाडीची सावली गाडीपेक्षा ठळक दिसते आणि वळणाचा अंदाज चुकतो.

कार्पेट

नीडल पंच, म्हणजे सुयांनी तंतू गुंतवून केलेलं, कार्पेट घ्या, रेघा नसलेलं, ३ ते ४ मिमी जाडीचं, करड्या रंगाचं. प्रदर्शनाच्या मांडववाल्यांकडे असतं ते पातळ कापड नको, महिन्यात फाटतं. रोल २ मीटर रुंदीचा असतो, म्हणून ट्रॅकची रुंदी १० मीटर ठेवली की पाच पट्टे बरोबर बसतात. प्रत्येक पट्टा १६.५ मीटर कापा, एकूण ८२.५ मीटर. रोल उलगडून दोन दिवस तसाच पसरून ठेवा, वळ्या बसू द्या, मगच चिकटवा. पट्टे नेहमी लांबीच्या दिशेनं टाका. सांधा सरळ मार्गाला आडवा आला तर गाडी दर फेरीला त्यावर आपटते आणि आठवड्यात कड उचलली जाते. सांध्याखाली ५० मिमीची दुहेरी चिकट टेप लावा आणि चिकटवण्याआधी जमीन ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळवा. सांधे निसटण्याचं कारण बहुतेक वेळा टेप नसते, खालची धूळ असते.

नव्या कार्पेटवर पहिले काही दिवस पकड नसते आणि तंतू सुटत राहतात. रोज दोनदा व्हॅक्यूम करा. झाडू मारू नका, त्यानं धूळ तंतूंच्या आत जाते. टायरचं रबर बसत गेलं की रेसिंग लाइन काळपट दिसायला लागते आणि पकड वाढते. पुढे ती अतिही होते, मग गाड्या वळणावर घसरण्याऐवजी उलटायला लागतात. त्यावर उपाय असा: पकडीसाठी टायरला लावायचं द्रव्य पुढच्या चाकांच्या आतल्या अर्ध्या भागालाच लावायला सांगा आणि पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला सुपरग्लूचा पातळ हात द्या. हे द्रव्य वास नसलेलं, एकाच प्रकारचं, ट्रॅककडूनच द्या. बाहेर रस्त्यावर फिरलेले टायर आत आणायचे नाहीत, हा नियम पाटीवर लिहा आणि ओळखीच्या माणसालाही सोडू नका.

आखणी आणि कडा

१६ बाय १० मध्ये २.४ मीटरची लेन धरली तर फेरी साधारण ५५ मीटरची होते आणि साध्या मोटरच्या गाडीला दहाएक सेकंद लागतात. आधी खडू आणि सुतळीनं आखा, एक गाडी फिरवून बघा, मग कडा बसवा. सगळ्यात लांब सरळ मार्ग स्टँडपासून दूरच्या भिंतीकडे ठेवा. अवघड वळणं स्टँडजवळ असली की नवशिक्याला स्पष्ट दिसतात. यू वळणाचा आतला व्यास दोन मीटरपेक्षा कमी करू नका.

कडांच्या सामानासाठी खानदेशासारखी सोय दुसरीकडे नाही. तुषार सिंचनाची ६३ मिमीची एचडीपीई नळी सहा मीटरच्या लांबीत कुठल्याही ठिबकच्या दुकानात मिळते. बाहेरचा घेर ५२ मीटर आणि आतले दुभाजक ४५ मीटर धरून २० नळ्या घ्या. ती नळी घट्ट वळणात वाकत नाही, तिथे पंपाला लावतात तो ५० मिमीचा सक्शन होज वापरा. जुन्या नळ्या घेतल्या तर आतून खताचे थर धुऊन काढा. रिकामी नळी धक्क्यानं सरकते, म्हणून दुभाजकांच्या नळ्यांत कोरडी वाळू भरून टोकं बंद करा आणि खाली वेल्क्रोची काटेरी बाजू लावा, ती कार्पेटला घट्ट धरते.

सर्वात जास्त मोडतोड नळ्यांच्या जोडावर होते. पुढच्या नळीचं तोंड दोन-तीन मिलिमीटर जरी ट्रॅककडे आलं, तरी भिंतीला घासत येणाऱ्या गाडीचं पुढचं चाक त्यात अडतं आणि चाक धरणारा खालचा आर्म तुटतो. जोडाच्या आत १५ सेंटिमीटरची लाकडी गुल्ली ठोका आणि पुढची नळी केसभर मागेच ठेवा. रोज सकाळी एकदा हात फिरवून प्रत्येक जोड तपासा. पुढच्या महिन्यांतला अर्धा दुरुस्तीखर्च या एका कामानं वाचतो.

स्टँड ४ फूट उंच, ६ मीटर लांब, ७५ सेंटिमीटरला एक याप्रमाणे आठ ड्रायव्हरांचा. फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपात करून घ्या, वर १८ मिमीचा प्लाय. कठडा साडेतीन फुटांचा, पण आडव्या पट्ट्या बारीक सांगा. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांची रेषा नेमकी जाड पाइपावर आली तर त्याला निम्मा ट्रॅक दिसत नाही.

लॅप मोजणी

ट्रान्सपाँडरची, म्हणजे गाडीत बसवलेल्या ओळख-चिपची, पद्धत घेत असाल तर मायलॅप्स कंपनीच्या आरसी प्रणालीत कार्पेटखाली दोन तारा एकमेकींपासून ३० सेंटिमीटरवर, लेनच्या पूर्ण रुंदीत टाकतात. एका टोकाला ४७० ओहमचा रेझिस्टर, दुसऱ्या टोकाला डिकोडरकडे जाणारी कोएक्स केबल. इन्फ्रारेडच्या प्रणाली स्वस्त पडतात, त्यांना तारेऐवजी वर कमान लागते. हा तारांचा लूप शेजारच्या लेनपासून शक्य तितका दूर ठेवा, नाहीतर पलीकडून जाणाऱ्या गाडीची फेरी इकडे मोजली जाते. तारा कार्पेट चिकटवण्याआधीच टाका.

बॅटरी आणि उन्हाळा

भाड्याच्या गाडीला टूएस (दोन सेलची) ४००० एमएएचची, कडक कवचाची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी ठेवा. दहा मिनिटांच्या सेशनमध्ये १५०० ते २००० एमएएच जातात. ४ अँपनं, ८.४ व्होल्टपर्यंत, ती परत भरायला साधारण ४० मिनिटं लागतात. दर पंधरा मिनिटांनी आठ गाड्या सोडायच्या तर एका वेळी २१ बॅटऱ्या चार्जिंगला असतात, म्हणजे २४ पोर्ट, चार-चार पोर्टचे सहा चार्जर. चार्जर कमी घेणं ही नव्या ट्रॅकची नेहमीची चूक. गाड्या उभ्या आणि मुलं रांगेत, असं दृश्य त्यामुळेच होतं. एका गाडीमागे चार बॅटऱ्या धरा, एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त, कारण चार्ज करण्याआधी बॅटरी थंड व्हायलाच वेळ लागतो.

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. लिपो चार्ज करायची वरची मर्यादा साधारण ४५ अंशच असते. म्हणून चार्जिंगची खोली वेगळी, एसीची आणि दरवाजा उघडा राहील अशी करा. टेबलावर शहाबादी फरशी टाका, बॅटऱ्या आगरोधक पिशवीत, शेजारी कोरड्या वाळूच्या दोन बादल्या, आणि जवळच बाहेर जायचं दार. फुगलेली बॅटरी परत लावायची नाही. रात्री सगळ्या बॅटऱ्या सेलला ३.८ व्होल्टवर ठेवा. पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी उन्हाळ्यात लवकर फुगते.

छताला आतून इन्सुलेशन आणि वर वाऱ्यानं फिरणारे टर्बो व्हेंट लावल्याशिवाय कूलरचा उपयोग होत नाही. कूलरचा झोत स्टँड आणि पिटकडे द्या, कार्पेटवर नको. दमट झालेल्या पट्ट्यावर पकड वेगळी आणि बाकी ट्रॅकवर वेगळी, असं झालं की गाडीचं सेटिंग कुणालाच जमत नाही. जुलै ते सप्टेंबरात कूलर बंद ठेवून नुसते एक्झॉस्ट चालवा.

गाड्या

आता गाड्या. भाड्यासाठी आठ आणि राखीव दोन, सगळ्या एकाच मॉडेलच्या. टामियाची टीटी-०२ यासाठी चांगली, कारण सोपी आहे आणि सुटे भाग मिळत राहतात. पण भाग यायला दिवस लागतात, म्हणून पुढचे खालचे आर्म आठ जोड्या, स्टिअरिंगचे नकल (पुढचं चाक वळवणारा भाग) चार जोड्या, सर्व्हो (स्टिअरिंग फिरवणारी मोटर) चार, तिला धक्क्यापासून वाचवणारे सर्व्हो सेव्हर सहा, मोटरला जोडलेले स्पर गिअर सहा आणि बेअरिंगचा एक पूर्ण संच पहिल्या दिवसापासून कपाटात हवा. लेक्सनच्या, म्हणजे पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या, बॉडीला आतून फायबर जाळीची टेप आणि रबरी गोंद लावून घ्या, ती कितीतरी पट टिकते. रिमोटमध्ये थ्रॉटलची कमाल ५५ ते ६० टक्क्यांवर बांधा आणि फेलसेफ तपासा: रिमोट बंद केला की गाडी थांबली पाहिजे. ही तपासणी रोज, प्रत्येक गाडीची.

हीट, म्हणजे एक छोटी शर्यत, पाच मिनिटांची ठेवा. आधीच्या हीटचे ड्रायव्हर पुढच्या हीटला मार्शल, म्हणजे उलटलेल्या गाड्या सरळ करणारे, म्हणून उभे राहतात, हा जगभरचा रिवाज पहिल्या दिवसापासून लावा. मार्शलला बंद बूट सक्तीचे, आणि उलटलेली गाडी उचलण्याआधी येणाऱ्या गाड्यांकडे बघायचं. पहिला महिना स्पर्धा ठेवू नका, फक्त सेशन चालवा, म्हणजे पकड स्थिरावते आणि सैल जोड सापडतात. नंतर दर सहा-आठ आठवड्यांनी आतले दुभाजक हलवून आखणी बदला. बदलताना लूपची जागा तीच राहील असं बघा, नाहीतर कार्पेट उचलावं लागेल.