पावसाळ्यात युटा-अ‍ॅरिझोनाची रोड ट्रिप: या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये भारतातून आई-बाबा अमेरिकेत आलेले असतात, मुलांना सुट्टी असते आणि झायन, ब्राइस, ग्रँड कॅनियन या नॅशनल पार्कांचा बेत ठरतो. तिथला पावसाळा नेमका तेव्हाच, 15 जून ते 30 सप्टेंबर. जरूर जा, पाऊस पडून गेल्यावर ते लाल कडे विलक्षण दिसतात. पण सह्याद्रीतल्या पावसाचे आडाखे तिथे चालत नाहीत.

डोक्यावर ऊन आहे म्हणून निर्धास्त राहणं

जिवावर बेतणारी चूक हीच. तिथे बराचसा उघडा खडक, त्यात पाणी मुरतच नाही, सरळ घळीत उतरतं. तुमच्या अंगावर थेंबही न पडता कित्येक मैल वरच्या पावसाचा लोंढा येऊ शकतो. 12 ऑगस्ट 1997 रोजी लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये असेच 11 पर्यटक वाहून गेले. 14 सप्टेंबर 2015 रोजी झायनच्या कीहोल कॅनियनमध्ये पुराने 7 जणांचा बळी घेतला.

म्हणून मुक्कामाच्या गावाचा अंदाज बघून भागत नाही, नदी जिथून येते तिथला बघा. झायनमध्ये फ्लॅश फ्लडची, म्हणजे अचानक येणाऱ्या पुराची शक्यता रोज जाहीर होते. ‘प्रॉबेबल’ किंवा ‘एक्स्पेक्टेड’ असेल, तर नॅरोज, म्हणजे नदीच्या पात्रातूनच जाणारा अरुंद घळीतला ट्रेल, त्या दिवशी सोडून द्या, कितीही लांबून आला असलात तरी. ‘वॉर्निंग’ लागली की पार्कवालेच तो बंद करतात. घळीत असताना पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहून यायला लागल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान टाका आणि उंचावर चढा. पाण्याच्या पुढे पळून सुटका होत नाही. चार-पाच फूट उंचीनेही जीव वाचू शकतो.

‘एवढंसं तर पाणी आहे’

रस्त्यात आडवे येणारे कोरडे ओढे, म्हणजे तिथले वॉश, बघता बघता भरतात. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं, दोन फुटांत एसयूव्हीही जाते. खालचा रस्ता खचला असेल तर ते दिसतही नाही. थांबा, पाणी बहुधा काही तासांत ओसरतं. अ‍ॅरिझोनात बॅरिकेड ओलांडून अडकलात, तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो.

फोर-व्हील ड्राइव्हवर विसंबणं

युटातल्या कॅपिटल रीफ पार्कमधल्या कॅथीड्रल व्हॅलीसारख्या कच्च्या रस्त्यांवर बेंटोनाइट माती आहे. ती भिजली की टायरला थापली जाते, नक्षी बुजते आणि गाडी नुसती घसरते. शिवाय भाड्याच्या गाडीच्या करारात कच्चा रस्ता बहुतेकदा वर्ज्यच असतो.

धुळीच्या वादळात दिवे लावून थांबणं

फिनिक्स-टूसॉन हायवेवर धुळीची भिंत आली, तर रस्त्यापासून जमेल तितकं लांब थांबा. सगळे दिवे बंद, इमर्जन्सीचेही. हँडब्रेक लावा, पाय ब्रेकवरून काढा, पट्टे बांधलेलेच ठेवा. मागचा ड्रायव्हर तुमच्या लाल दिव्याला रस्ता समजून येऊन आदळतो.

दिवसाची आखणी उलटी करणं

ढग दुपारी जमतात. ट्रेल सकाळी उरका, दुपार गाडीत किंवा म्युझियममध्ये घालवा. ग्रँड कॅनियनच्या कड्यावर गडगडाट ऐकू आला की फोटो राहू द्या, गाडीत बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं तिथेच थांबा. एक दिवस मोकळा ठेवा, हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या. ऑगस्ट 2023 मध्ये हिलरी वादळाच्या पावसानंतर कॅलिफोर्नियातलं डेथ व्हॅली पार्क थेट 15 ऑक्टोबरला उघडलं होतं.