घरीच आर्केड कॅबिनेट: जुना प्लेस्टेशन ३ पडून असेल तर

आर्केड कॅबिनेट म्हणजे गेम पार्लरमध्ये असतंय तसं स्क्रीन, जॉयस्टिक, बटणं बसवलेलं उभं कपाट. मुख्य गोष्ट आधी, कन्सोल (गेमचा डबा) कुठला ते बघूनच बटणांचा बोर्ड घ्या, कारण साधा स्वस्तातला यूएसबी एन्कोडर (बटणांच्या वायरी जोडून कन्सोलला लावायचा बोर्ड) पीएस ३ म्हणजे प्लेस्टेशन ३ ला सहसा चालतोय पण पीएस ४, पीएस ५ ला नाही, तिथं त्यासाठीचा महाग बोर्डच लागतोय.

प्लाय १८ एमएमचा, आणि बेळगाव-खानापूरकडचा पाऊस माहितेय की, म्हणून वॉटरप्रूफ ग्रेडचाच, साधा कमर्शियल फुगतोय. सुताराला नुसतं "कपाटासारखं कर" म्हणू नका, पुठ्ठ्यावर बाजूचा आकार कापून द्या. उभं राहून खेळायचं तर बटणांची फळी जमिनीपासून साधारण ३६-३८ इंच, पोरं लहान असतील तर पाट ठेवा खाली.

बटणांची भोकं ३० एमएम. आधी कागदावर काढून त्यावर पंजा ठेवून बघा, बोटं आपोआप जिथं पडतात तिथंच भोक, सरळ रेषेत मारली की तासाभरात मनगट दुखतंय. होल सॉ (ड्रिलला लावायचं गोल भोकाचं पातं) मायक्याच्या बाजूनं चालवा, खाली टाकाऊ फळी धरा म्हणजे कडा फुटत नाहीत. जॉयस्टिकसाठी १८ एमएम जाड पडतोय, आतून थोडं कोरून घ्या नाहीतर दांडा वर आखूड येतोय. उद्यमबागेत (बेळगावची कारखान्यांची वसाहत) कुणी ओळखीचं असेल तर जॉयस्टिक बसवायला पातळ पत्र्याची प्लेटच कापून घ्या, ते बेस्ट.

स्क्रीन म्हणून जुना एचडीएमआय मॉनिटर चालतोय.

कन्सोल बंद खणात कोंबू नका हं, मागं जाळी आणि एक पंखा पाहिजेच. मूळ कंट्रोलर चार्ज करून आतच ठेवा, सेटिंगला लागतोय.