दुनामिस म्हणजे डायनामाईट? संदेश तयार करताना या चुका टाळा

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (म्हणजे चर्चमध्ये) हल्ली संदेश, म्हणजे प्रवचनं, बरेचदा इंग्रजी यूट्यूबवरून तयार होतात, त्यात वाईट काही नाही, पण तिथल्या चुकाही जशाच्या तशा इकडे येतात आणि त्यातला सगळ्यात लाडका शब्द म्हणजे दुनामिस. सामर्थ्य या अर्थाचा हा ग्रीक शब्द नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, सुमारे १२० वेळा येतो. आधी उच्चाराचं सांगून टाकतो, पहिलं अक्षर द आहे, ड नाही. आपल्याकडे चांगला द असताना इंग्रजांसारखं डुनामिस म्हणायची काही गरज नाही.

आता मुख्य चूक. नव्या करारातलं रोमकरांस पत्र १:१६ काढायचं, सुवार्ता (येशूविषयीची शुभवार्ता) हे तारणासाठी देवाचं सामर्थ्य आहे हे वाचायचं, आणि लगेच "मूळ ग्रीकमध्ये इथे डायनामाईट आहे, हालेलुया!" अहो, डायनामाईटचं पेटंट आल्फ्रेड नोबेलने घेतलं १८६७ मध्ये, नाव त्याने ग्रीकवरून घेतलं हे खरंय, पण हे पत्र प्रेषित पौलाने लिहिलं पहिल्या शतकात, त्याच्या डोक्यात सुरुंग कुठून येणार? शब्दाचा नातू बघून आजोबांचा स्वभाव ठरवायचा नसतो. शिवाय डायनामाईट फोडतं, पौल तिथे तारणाबद्दल बोलतोय, म्हणजे उपमासुद्धा उलटीच पडते. आणि हाच पौल १ करिंथ (करिंथकरांस पहिलं पत्र) १:१८ मध्ये देवाचं सामर्थ्य कशाला म्हणतो, तर वधस्तंभाच्या संदेशाला, जो जगाला मूर्खपणा वाटतो. स्फोटबिट काही नाही तिथे.

तरी पटत नसेल तर एक साधी टेस्ट करा, तुमचा अर्थ दुसऱ्या वचनात घालून बघा. २ करिंथ ८:३ मध्ये मासेदोनियाच्या मंडळ्यांनी दुनामिसप्रमाणे आणि दुनामिसच्या बाहेर जाऊन दान दिलं, म्हणजे सरळ आपल्या भाषेत ऐपतीप्रमाणे आणि ऐपतीबाहेर. १ करिंथ १४:११ मध्ये भाषेची दुनामिस म्हणजे बोलण्याचा अर्थ. मत्तय २५ च्या दाखल्यात धनी प्रत्येकाला त्याच्या दुनामिसप्रमाणे पैसे देतो, म्हणजे कुवत. मार्क ६:५ मध्ये येशूला नासरेथमध्ये एकही दुनामिस करता आली नाही, म्हणजे चमत्कार. घाला आता इथे डायनामाईट! संदर्भ बघितल्याशिवाय अर्थ लागतच नाही.

सामर्थ्य आणि अधिकार एकच समजणं ही दुसरी चूक, आणि हीसुद्धा इंग्रजीतूनच आलेली. किंग जेम्स या जुन्या इंग्रजी बायबलमध्ये मत्तय २८:१८ ला पॉवर छापलंय, पण ग्रीक शब्द तिथे एक्सुसिया आहे, म्हणजे अधिकार, हक्क. आपल्या मराठी बायबलात तिथे अधिकारच आहे, योहान १:१२ लाही "देवाची मुले होण्याचा अधिकार". मराठी वाचली असती तर घोळच झाला नसता! लूक १०:१९ मध्ये तर दोन्ही शब्द शेजारी आहेत, शत्रूच्या सगळ्या दुनामिसवर शिष्यांना एक्सुसिया दिलीय. शत्रूकडे ताकद आहे हे येशू नाकारत नाही, पण चालेल कोणाचं ते सांगतो.

सामर्थ्य म्हणजे बॅटरीतला करंट असं समजू नका. मार्क ५ बघा, बारा वर्षं रक्तस्रावाने त्रासलेली बाई मागून वस्त्राला शिवते आणि येशूला कळतं की आपल्यातून दुनामिस निघाली. इथपर्यंत वाचून लोक तेलाच्या बाटल्या आणि रुमाल विकायला बसतात. पण पुढचं वाचा ना, शिष्य म्हणतात सगळी गर्दी तुम्हाला चेंगरतेय आणि तुम्ही विचारता मला कोण शिवलं? म्हणजे शिवत तर सगळेच होते. येशू थांबतो, तिला समोर आणतो, मुली म्हणतो, आणि श्रेय तिच्या विश्वासाला देतो. कपड्याला नाही.

प्रेषितांची कृत्ये या नव्या करारातल्या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायातला शोमरोन गावचा शिमोन हे याचंच पुढचं टोक. लोक त्याला देवाची महान दुनामिस म्हणायचे, तो जादू करायचा. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान लोकांवर हात ठेवतात तेव्हा पवित्र आत्मा मिळतो हे बघून त्याने सरळ पैसे पुढे केले, मलाही हा अधिकार द्या (इथे शब्द एक्सुसिया आहे बरं का). पेत्राने त्याला काय सुनावलं ते तुम्ही वाचाच. चर्चमधली पदं विकत घेण्याला युरोपात पुढे सायमनी हे नाव पडलं ते याच्यावरूनच.

कृत्ये १:८ अर्ध्यात तोडू नका. "तुम्हाला सामर्थ्य मिळेल" इथे थांबून प्रमोशन आणि व्हिसाची प्रार्थना सुरू होते, पण वाक्य पुढे साक्षी होण्यावर जातं, यरुशलेमपासून पृथ्वीच्या टोकापर्यंत. आणि पौलाने शरीरातला काटा (असं तो आपल्या एका त्रासाला म्हणतो) काढ म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली तेव्हा काटा निघाला नाही, सामर्थ्य अशक्तपणातच पूर्ण होतं असं उत्तर मिळालं. "सामर्थ्य असेल तर आजार राहणारच नाही" म्हणणाऱ्यांनी २ करिंथ १२ चं काय करायचं ते ठरवावं.

तपासायचं कसं? बायबलच्या मूळ शब्दांना नंबर देणाऱ्या स्ट्राँगच्या कोशात दुनामिसचा नंबर १४११, एक्सुसियाचा १८४९, मोबाईलवर फुकट ॲप मिळतात. फक्त तिथे दिलेले सगळे अर्थ एकाच वचनात कोंबू नका. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई बायबलच्या भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, ॲपबिप नसताना, तेव्हा आपल्याला दोन मिनिटं काढायला हरकत नसावी.

आणि हो, प्रभूच्या प्रार्थनेतलं "राज्य, सामर्थ्य व गौरव ही तुझीच" हे वाक्य मत्तय ६:१३ मध्ये कंसात किंवा तळटीपेत दिसलं की काही जण बायबल बदललं म्हणून ओरडतात. सिनाई आणि व्हॅटिकन या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ते नाही एवढंच. पण दिदाखे नावाच्या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत प्रार्थनेचा शेवट आहे, त्यात राज्य नाही, नुसतं सामर्थ्य आणि गौरव, आणि दिवसातून तीनदा ही प्रार्थना करा असंही सांगितलंय.