दीर्घकाळ सत्तेत राहिलेल्या मुख्यमंत्र्याच्या वारशाचे मूल्यमापन कसे करावे : वसंतराव नाईक यांच्या उदाहरणाने

दीर्घकाळ राज्य केलेल्या नेत्यावर लिहिताना बहुतेक जण जन्मगावापासून सुरुवात करतात आणि कामांच्या यादीवर थांबतात. तशाने चरित्र तयार होते, पण वारसा हाती लागत नाही. नेता पदावरून गेल्यावर जे चालू राहिले आणि जे त्याच्या हयातीत सुरू होऊनही मोडले, त्या दोहोंचा हिशेब म्हणजे वारसा. वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ असे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. म्हणून पद्धत समजावून घेण्यासाठी त्यांचेच उदाहरण घेऊ.

आधी एका कागदावर पदग्रहणाची आणि पदत्यागाची तारीख लिहून प्रत्येक निर्णय त्या दोन तारखांच्या आधीचा, मधला की नंतरचा, हे ठरवावे. या साध्या कामाने निम्मे घोटाळे मिटतात. जिल्हा परिषदांचेच पाहा : त्यांची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष नाईक होते, परंतु १ मे १९६२ रोजी त्या अस्तित्वात आल्या तेव्हा मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चारही कृषी विद्यापीठे मात्र १९६८ ते १९७२ या काळातली, म्हणजे निःसंशय नाईकांच्या कारकिर्दीतली आहेत.

त्यानंतर एकच निर्णय निवडून त्याचा शेवटपर्यंत माग काढावा. दहा निर्णयांना ओझरता स्पर्श करण्यापेक्षा हे कितीतरी अधिक उपयोगाचे ठरते. रोजगार हमी योजना घ्या. कल्पना विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांची होती, १९७२ च्या दुष्काळाने तिची निकड सिद्ध केली आणि नाईक सरकारने ती राज्यभर नेली. पुढे १९७५ च्या कायद्याने नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, तो याच योजनेच्या खर्चासाठी. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, तेव्हा नाईक सत्तेत नव्हते, आणि २००५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगाराचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव देशासमोर होता. अशा वेळी कल्पना कोणाची, राजकीय बळ कोणाचे आणि कायदा कोणाच्या काळातला, ही तीन उत्तरे वेगवेगळी लिहावीत. माझ्या मते नाईकांचे खरे श्रेय मधल्या उत्तरात आहे, आणि ते मुळीच लहान नाही.

जमेइतकीच खर्चाची बाजूही मनापासून शोधावी. कापूस एकाधिकार खरेदी, म्हणजे शेतकऱ्यांचा कापूस फक्त सरकारी यंत्रणेनेच विकत घेण्याची योजना, त्यांच्याच काळात, १९७२ मध्ये सुरू झाली आणि पुढे तोट्यात रुतली. त्यांच्या यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादकांचे हाल नंतर देशभर चर्चिले गेले, आणि त्या संकटावरील सरकारी मिशनलाही नाव नाईकांचेच दिले गेले. या दुःखाचा सगळा दोष एका माणसावर टाकणे अन्यायाचे होईल, पण ते गाळून लिहिणेही तितकेच चुकीचे आहे. मुंबईत डाव्या कामगार चळवळीला शह देण्यासाठी शिवसेनेला मोकळीक दिल्याचा आरोपही त्यांच्यावर झाला. विरोधक शिवसेनेला ‘वसंतसेना’ म्हणत. या आरोपासाठी त्या वर्षांतील विधिमंडळाची कार्यवृत्ते आणि परस्परविरोधी मतांची दैनिके शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

नामकरण आणि जयंती यांना पुरावा मानू नये. १ जुलै हा नाईकांचा जन्मदिवस कृषी दिन म्हणून पाळला जातो किंवा परभणीच्या विद्यापीठाला २०१३ मध्ये नाईकांचे नाव मिळाले, यावरून नंतरच्या सरकारांना कोणाची आठवण हवी होती एवढेच कळते. घराण्याचे तसेच, पुतणे सुधाकरराव १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले, हा नाईक घराण्याच्या पुसद मतदारसंघातील राजकारणाचा वेगळा धागा आहे आणि तो धोरणांच्या हिशेबात मिसळू नये.

कागदपत्रे वाचून झाल्यावर दुष्काळी कामावर गेलेल्या एखाद्या वृद्ध बाईंशी निवांत बोलावे. खडी फोडताना हजेरीपटावर अंगठा कोण घेत असे, मजुरी किती दिवसांनी हातात पडे, मुलांना सुकडी (दुष्काळात वाटला जाणारा पौष्टिक खाऊ) मिळे का, हे त्यांना विचारावे. मग त्यांनी खोदलेला पाझर तलाव आज पाणी धरतो का, हे स्वतः जाऊन पाहावे आणि त्यांची आठवण व तलावाची स्थिती यांची नोंद दोन वेगळ्या पानांवर करावी.