मॅनियाचा पहिला पेशंट: नव्या जेआर-वनसाठी (पहिल्या वर्षाच्या ज्युनिअर रेसिडेंट डॉक्टरसाठी)

मॅनिया म्हणजे मूड आणि उत्साह बेसुमार चढलेली आजारी अवस्था. रात्री दोनला कॅज्युअल्टीतून फोन आला. पाच दिवस न झोपलेला, दुकानातला माल फुकट वाटून आलेला किराणा दुकानदार. मला बघताच म्हणाला, "डॉक्टर, तुम्हाला आरोग्यमंत्री करतो." मी ओलान्झापिन (मॅनिया उतरवणारं अँटीसायकोटिक औषध) लिहायला घेतलं, तेवढ्यात सीनिअरनं विचारलं, "आधीच्या गोळ्या बघितल्यास?" बायकोच्या पिशवीत एस्सिटालोप्रॅमची स्ट्रिप निघाली, नैराश्यासाठी चालू असलेली. आधी ती बंद. अँटीडिप्रेसंट चालू ठेवून मॅनिया उतरवणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

तोंडाने गोळी घेत नव्हता, म्हणून हॅलोपेरिडॉल (हेही अँटीसायकोटिक) ५ मिलिग्रॅम आणि प्रोमेथाझिन ५० मिलिग्रॅम, दोन्ही स्नायूत इंजेक्शनने. नुसतं हॅलोपेरिडॉल दिलं की मान आखडून वाकडी होण्याची भीती, तरुण पुरुषांत जास्तच; ते टाळायला सोबत प्रोमेथाझिन. वेल्लोरच्या अभ्यासात हीच जोडी लोराझेपाम या गुंगी आणणाऱ्या औषधापेक्षा लवकर शांत करणारी ठरली होती.

पहिलं लक्ष्य झोप. दुसऱ्या दिवशी घेऊ लागला तेव्हा ओलान्झापिन रात्री १५ मिलिग्रॅम, आणि सोबत लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवणारं औषध. लिथियमला असर दाखवायला आठवडा तरी लागतो, तोवर अँटीसायकोटिकच गाडा ओढतं. लिथियम सुरू करण्याआधी रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) बघायचं. व्हॅल्प्रोएट हे मूड स्थिर ठेवणारं दुसरं औषध लवकर चढवता येतं, पण मूल होण्याच्या वयातल्या बाईला शक्यतो नकोच. गर्भाच्या मणक्यात दोष राहू शकतो.

आता माझी फजिती. सहाव्या दिवशी लिथियमची रक्तातली लेव्हल १.४ आली. घाबरून डोस कमी करायला निघालो, तर सिस्टर म्हणाल्या, "सर, गोळी आठला दिलीय आणि सॅम्पल तुम्ही साडेनऊला घेतलंत." शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी घ्यायचं, हे मला तोंडपाठ होतं! दुसऱ्या दिवशी सकाळच्या गोळीआधी घेतलं: ०.८. तीव्र मॅनियात ०.८ ते १.२ हवी, म्हणजे बरोबर जागेवर. मात्र हात जास्त थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, चाल डगमगली, तर आकड्याची वाट न बघता लिथियम थांबवा.

डिस्चार्जला मी नेहमीचं सगळं सांगितलं: ब्रुफेनसारखी वेदनाशामकं नकोत, उन्हाळ्यात पाणी भरपूर. बायकोनं विचारलं, "सोमवारी ते अळणी जेवतात, चालेल ना?" मी गप्प. मीठ अचानक तोडलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं, लेव्हल चढते. पुस्तकात 'लो सोडियम डाएट' वाचलेलं होतं, पण ते अळणी सोमवार म्हणून समोर येईल असं वाटलं नव्हतं. आता लिथियम लिहिताना उपास कोणते करता, हे आधी विचारतो.