लिक्विड कूलर असूनही प्रोसेसर तापतो तेव्हा

एप्रिल लागला की परभणीतल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर एकच तक्रार वारंवार येते: महागडा लिक्विड कूलर बसवला, तरी प्रोसेसर ९५ अंशांवर जातो आणि संगणक मंदावतो किंवा बंद पडतो. बहुतेक जण येतानाच नवा कूलर घेण्याची तयारी करून आलेले असतात. माझा अनुभव असा की, उष्णता नेमकी कोठे अडली आहे हे आधी शोधले, तर निम्म्याहून अधिक वेळा काहीच विकत घ्यावे लागत नाही.

लिक्विड कूलर उष्णता नाहीशी करत नाही. प्रोसेसरवरची उष्णता तो पंपाने फिरणाऱ्या द्रवातून रेडिएटरपर्यंत, म्हणजे पंखे लावलेल्या पातळ पात्यांच्या जाळीपर्यंत, नेतो आणि तेथून खोलीच्या हवेत सोडतो, त्यामुळे त्यातला द्रव खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर असताना पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेल्या संगणकाची तुलना पुण्यातल्या एसी खोलीतल्या आकड्यांशी करण्यात अर्थ नाही. म्हणून रेडिएटरमध्ये हवा जेथून शिरते तेथे एक साधा तापमापक टांगावा आणि प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करून तो फरक लिहून ठेवावा. त्याच कामाला जानेवारीत जो फरक होता तोच आजही असेल, तर कूलर निर्दोष आहे, फक्त ऋतू बदलला आहे.

९५ हा आकडा नेहमी बिघाडाचाच असतो असेही नाही. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच घडवलेले आहेत, तर इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास आहे. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. खरी चिंता तेव्हा करावी, जेव्हा काहीही काम चालू नसताना आकडा ७०-८० वर राहतो किंवा पूर्वी सहज होणारे काम आता रखडते.

तपासणीसाठी तापमान दाखवणारे एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारे सिनेबेंच दहा मिनिटे चालवावे आणि तापमान किती चढते यापेक्षा ते कसे चढते याकडे लक्ष द्यावे. द्रव तापायला काही मिनिटे लागतात. त्यामुळे भार पडताच दोन-तीन सेकंदांत आकडा थेट मर्यादेला भिडत असेल, तर उष्णता द्रवापर्यंत पोहोचतच नाही, किंवा प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त वीज खातो आहे. आकडा मिनिटामिनिटाला हळूहळू वर सरकत असेल, तर द्रवात आलेली उष्णता बाहेर पडत नाही. त्यानंतर दोन्ही नळ्यांना हात लावून पाहावा. चांगल्या स्थितीत द्रव इतक्या वेगाने फिरतो की दोन्ही नळ्यांच्या उष्णतेत फारसा फरक जाणवत नाही. एक नळी चटका देणारी, दुसरी थंड आणि रेडिएटरही थंड असेल, तर द्रव फिरत नाही. दोन्ही नळ्या आणि रेडिएटर गरम असतील, तर दोष हवेच्या वाटेत आहे. दोन्ही जेमतेम कोमट आणि प्रोसेसर मात्र ९५ वर असेल, तर प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णतावाहक पेस्ट किंवा बसवणीकडे पाहावे.

आपल्या भागात सर्वाधिक दोष हवेच्या वाटेतच सापडतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका तरुणाचा संगणक ऐन लग्नसराईत माझ्याकडे आला. बाहेरची जाळी त्याने दर आठवड्याला पुसलेली होती. पंखे उघडल्यावर मात्र पंखा आणि रेडिएटरच्या पात्या यांच्यामध्ये घोंगडीच्या तुकड्यासारखा करडा थर निघाला, आणि तो बोटाने धरून अखंड सोलता आला. त्याचा स्टुडिओ जिनिंगजवळ होता. दिवाळीनंतर हंगामभर उडालेली रुई धुळीबरोबर तेथे जमून बसली होती. असा थर बाहेरून कधीच दिसत नाही, म्हणून पंखे काढल्याशिवाय सफाई झाली असे मानू नये. मऊ ब्रशने थर काढून, हवा ज्या बाजूने शिरते त्याच्या उलट बाजूने ब्लोअर मारावा आणि त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. पंक्चरच्या दुकानातला हवेचा पाइप वापरू नये, कारण त्या दाबाने रेडिएटरच्या नाजूक पात्या वाकतात आणि हवेबरोबर पाणीही येते.

द्रव फिरत नसल्यास आधी जोडण्या पाहाव्यात. पंपाची पिन मदरबोर्डवर पंपासाठी असलेल्या जागी असावी आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, त्या जागेचा वेग पूर्ण ठेवावा. पंख्याप्रमाणे कमी-जास्त होऊ देऊ नये. काही पंपांना एसएमपीएसकडून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) वेगळी साटा वायर लागते, ती सैल झालेली असते. व्होल्टेज कमी-जास्त झाल्याने पंप मंदावतो असे पुष्कळ जण सांगतात, पण पंपाला एसएमपीएसमधून १२ व्होल्ट मिळतात, तेव्हा घरातला दिवा मिणमिणला म्हणून पंपाला दोष देऊ नये. रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच असला पाहिजे, नाहीतर आतली हवा पंपात अडकते आणि गुळगुळ आवाज येतो. वर्षानुवर्षे नळ्यांमधून थोडा द्रव उडून जातोच. बंद प्रकारचा कूलर फोडून त्यात बोअरचे पाणी भरणारे मी पाहिले आहेत. आपल्या पाण्यातले क्षार खोलीच्या कूलरच्या वाळ्याची काय गत करतात ते आठवले, तरी तो विचार सोडून द्यावा. पंप गेलेला असेल तर वॉरंटीकडे जावे. कोठे ओल दिसली, तर वीज तत्काळ बंद करावी.

बसवणीतली एक चूक मी स्वतः केली आहे: तांब्याच्या तळावरचा पारदर्शक कागद न काढताच ब्लॉक (प्रोसेसरवर टेकणारा कूलरचा भाग) बसवला आणि तासभर पंपावर संशय घेत राहिलो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढा नवा थेंब ठेवावा आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. जुना कूलर इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर (प्रोसेसर बसतो त्या जागेवर) बसवताना त्याच सॉकेटचे ब्रॅकेट वापरावे, नाहीतर दाब पुरत नाही.

हे सर्व ठीक असूनही आकडा उसळत असेल, तर बायोसमधली वीजमर्यादा पाहावी. अनेक मदरबोर्ड ती मोकळी सोडतात. इंटेलच्या आय९-१३९००के या प्रोसेसरची टर्बोमधली (वाढीव वेगातली) कमाल वीजमर्यादा २५३ वॅट आहे. ती उतरवून पाहिल्यास तापमान बरेच घसरते आणि रेंडरला (अंतिम व्हिडिओ तयार व्हायला) वेळ थोडाच जास्त लागतो. रायझनमध्ये यासाठी इको मोड आहे.

खोलीतला कूलर कोरड्या उन्हाळ्यात खरोखर उपयोगी पडतो, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नये, कारण तुषार आत जाऊन क्षारांचे पांढरे डाग ठेवतात. दुरुस्तीनंतर तीच दहा मिनिटांची चाचणी पुन्हा घ्यावी आणि मिळालेला फरक तारखेसह चिठ्ठीवर लिहून ती कॅबिनेटच्या झाकणाच्या आतून चिकटवावी.