दंडावरचा कफ काढला तरी आकडा होता: बीपीचा वायरलेस सेन्सर करायला निघालेल्यांसाठी

सांगलीत इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा प्रोजेक्टचा विषय ठरवायला मला वेळ लागला नाही. आजोबांना बीपी, डॉक्टर मिरजेत. नुसतं बीपी तपासायला म्हणून त्यांना घेऊन जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. घरी मोजलेला आकडा आपोआप डॉक्टरांच्या मोबाइलवर गेला तर? एवढीच कल्पना होती. आता मी याच क्षेत्रात काम करते. सांगली, इस्लामपूर, कराडकडची मुलं-मुली भेटतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: ब्लूटूथचं कुठलं मॉड्यूल घ्यायचं, ॲप कशात लिहायचं? माझं कळकळीचं सांगणं आहे की तो प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आकडा हवेतून पाठवणं सोपं आहे. तो आकडा खरा असणं अवघड आहे.

आधी हाताने बीपी घ्यायला शिका. दंडाला कफ, म्हणजे हवा भरायचा पट्टा, कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथोस्कोप, हवा सेकंदाला पाऱ्याच्या दोन-तीन मिलिमीटरच्या वेगाने सोडायची. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोके विरून जातात तो खालचा. कोरोटकॉफने १९०५ मध्ये सांगितलेली ही पद्धत आजही पडताळणीसाठी वापरतात. घरातलं डिजिटल यंत्र बहुतेक वेळा आवाज ऐकतच नाही. कफमधल्या हवेत नाडीमुळे उठणारी बारीक थरथर ते मोजतं. थरथर सर्वात मोठी होते तो साधारण सरासरी दाब असतो, आणि वरचा-खालचा आकडा त्यावरून प्रत्येक कंपनी स्वतःच्या सूत्राने काढते. हे कळलं की दोन यंत्रांचे आकडे का जुळत नाहीत हेही कळतं.

आजोबांचं बीपी माझ्या यंत्रावर सतत जास्त यायचं. तीन आठवडे मी कोडमध्ये चूक शोधत होते. चूक होती त्यांच्या हातात. ते पलंगावर बसून हात मांडीवर टाकायचे, आणि हात हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली गेला की सात-आठ मिलिमीटर जास्त दिसतात. पाठीला लोड, हाताखाली उशी, पाय जमिनीवर, पाच मिनिटं शांत बसणं, आणि मोजताना बोलायचं नाही. एवढं केल्यावर कोडला हात न लावता आकडे खाली आले.

सेन्सर खरं सांगतोय का, हे तपासायला महागडं उपकरण नाही म्हणून अडून बसू नका. गवंडी लेव्हल काढायला पारदर्शक पाइप वापरतात, तो हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो. मी पाच मीटर घेतला, जिन्याच्या कठड्याला इंग्रजी यू अक्षरासारखा बांधला आणि रंगीत पाणी भरलं. एका टोकाला टी-जोड लावून कफचा फुगा आणि सेन्सर जोडला. फुगा दाबला की एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसऱ्या बाजूचं वर चढतं. पाऱ्याचा एक मिलिमीटर म्हणजे पाण्याचे १३.६ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंत एक मीटरचा फरक पडला की ७३.५ आणि दोन मीटरला १४७. माझं यंत्र दोन मीटरला १५३ दाखवत होतं. दाबाचा सेन्सर निर्दोष होता. माझ्या ईएसपी३२ चिपमधल्या एडीसीचा, म्हणजे सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचा, संदर्भ व्होल्टेज चिपगणिक थोडा वेगळा असतो, तो मी डोळे झाकून गृहीत धरला होता. पाणी मात्र सेन्सरमध्ये शिरू देऊ नका, माझा एक तसाच गेला.

मग तुम्हाला कफ नकोसा वाटेल. सगळ्यांनाच वाटतो, कारण तो दंड आवळतो, रात्री झोप मोडतो, त्याच्या पंपाला शेकडो मिलिअँपिअर लागतात. त्यावरची वाट अशी: बोटावरचा प्रकाशाचा सेन्सर आणि छातीवरचा ईसीजी वापरून नाडीची लाट हृदयापासून बोटापर्यंत यायला किती वेळ लागला हे मोजायचं आणि त्यावरून दाबाचा अंदाज काढायचा. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत उभं राहिलात तर हे डोळ्यांसमोर दिसेल. कारागीर खुंटी पिळतो, तार ताणली जाते, तिच्यातली लाट जोरात धावते आणि सूर चढतो. दाब वाढला की धमनीची भिंतही ताणते आणि लाट लवकर पोचते. पण तारेची जाडी कारागिराला ठाऊक असते. माणसाची धमनी किती ताठर आहे हे आपल्याला ठाऊक नसतं आणि वयाबरोबर ते बदलत जातं. म्हणून अशा यंत्राला अधूनमधून कफशी जुळवून घ्यावं लागतं. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनच्या गटाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं की कफविना यंत्रांवर निदान किंवा औषध ठरवू नये. हे वाचून विषय सोडू नका, पण दावा करताना हात आखडता ठेवा.

इथे मशिन लर्निंगचा मोह होतो. फिजिओनेट या संकेतस्थळावर मिमिक नावाचा डेटा मिळतो, त्यात आयसीयूतल्या रुग्णांच्या धमनीतला प्रत्यक्ष दाब आणि नाडीची लाट एकत्र आहे. मी मॉडेल शिकवलं, चूक फारच कमी आली, आम्ही पेढे वाटले. एका सरांनी विचारलं, एकाच रुग्णाचे तुकडे शिकवण्यातही आणि तपासण्यातही आहेत का? होते. रुग्ण वेगळे करून पुन्हा चालवलं तर चूक दुपटीहून जास्त झाली. दुसरी एक चाचणी मी आजही सोडत नाही: सकाळी कफने घेतलेला आकडा दिवसभर तसाच सांगितला तर किती चुकेल? तुमचं मॉडेल त्याहून बरं नसेल तर ते काही मोजत नाही.

लॅबमधल्या मऊ बोटांवरही विसंबू नका. मार्केट यार्डातल्या एका हमालदादांनी, संमतीपत्र नीट वाचून घेऊन, हळदीने पिवळी झालेली बोटं पुढे केली. "ताई, ह्या बोटातनं तुमची लाइट जाणार का?" हळदीचा रंग मुख्यतः निळा प्रकाश शोषतो आणि आमचा सेन्सर लाल आणि इन्फ्रारेडवर होता, त्यामुळे हळदीने काही बिघडलं नाही. आडवे आले ते घट्टे. जाड कातडीतून परत येणारा सिग्नल इतका क्षीण होता की एलईडीचा करंट वाढवावा लागला.

आणि आता ती गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. एका रुग्णालयात नैतिकता समितीची मंजुरी घेऊन आमचं यंत्र नेहमीच्या मॉनिटरशेजारी लावलं होतं. आमच्या आकड्यावर उपचार ठरत नव्हते, हे आमचं भाग्य. दुपारी मी टॅबकडे बघत बसले होते, १३२/८४, सगळं छान. सिस्टर आल्या, टॅबकडे बघितलं, रुग्णाकडे बघितलं. म्हणाल्या, "अगं, कफ तर मी मघाशीच काढलाय. मग हा आकडा कुणाचा?"

आकडा चाळीस मिनिटांपूर्वीचा होता. मधेच संपर्क तुटला होता. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं, रुग्ण यंत्रावर कुशीला वळला तरी ब्लूटूथ तुटू शकतं. तुटणं अटळ आहे. माझा गुन्हा वेगळा होता: संपर्क तुटल्यावर ॲप शेवटचा आकडा तसाच दाखवत राहिलं. ब्लूटूथवरून बीपी पाठवण्याचा एक ठरलेला साचा आहे, रक्तदाब सेवा, क्रमांक १८१०. तिच्यात मोजल्याची वेळ हा रकाना ऐच्छिक आहे. ऐच्छिक म्हणून मी तो सोडला होता. त्या काळात त्या माणसाचं बीपी कोसळलं असतं, तरी माझा टॅब १३२ म्हणत राहिला असता. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता माझ्या प्रत्येक पडद्यावर आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात "किती मिनिटांपूर्वी" लिहिलेलं असतं, आणि ठरलेली वेळ उलटली की आकडा पुसून रेघा येतात.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते. ओळखीच्या डॉक्टरांनी हो म्हटलं म्हणजे मंजुरी नव्हे, माणसांवर मोजायचं तर संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज करावाच लागतो. विकायचं तर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू होतात. कफच्या यंत्रांची पडताळणी आयएसओ ८१०६०-२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान ८५ माणसांवर होते, सरासरी फरक ५ च्या आणि प्रमाण विचलन ८ मिलिमीटरच्या आत लागतं. दहा मित्रांवर मोजून "अचूक" लिहू नका.

नोकऱ्या फर्मवेअर (यंत्रातल्या चिपवर चालणारा प्रोग्राम), सिग्नल प्रोसेसिंग, चाचणी आणि नियामक कागदपत्रं अशा चार वाटांनी मिळतात. शेवटची वाट मुलांना नीरस वाटते, पण ती माणसं फार कमी मिळतात. माझ्या पुण्यातल्या मुलाखतीत ॲपबद्दल कुणी काही विचारलं नाही. "तुझा सेन्सर खरं सांगतो हे कशावरून?" असं विचारल्यावर मी जिन्यावरच्या पाइपच्या नोंदींची वही उघडली, आणि पुढचा अर्धा तास त्याच वहीवर गेला. मग त्यांनी विचारलं, "आणि सिग्नल तुटला तर?" मी त्यांना सिस्टरांचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला.